रस्त्याखालचं पाणी

पाणीखात्यात मी आवक-जावक टेबलावर होते तेव्हाची ही गोष्ट. खात्यात सहा चावीवाले होते. चावीवाला म्हणजे पाणी सोडणारा माणूस. छातीएवढी उंच लोखंडी चावी रस्त्यातल्या चेंबरमध्ये घालायची, गरागरा फिरवायची आणि एकेका भागाला ठरलेल्या वेळी पाणी द्यायचं, हे त्याचं काम. बाकीचे पाच जण पाणी सोडून चहाला जात. सहावे पाणी सोडून तिथेच उभे राहत. त्यांना सगळं ऑफिस ‘कानसेन’ म्हणायचं. मी ‘काका’ म्हणायचे.

काकांकडे चावीखेरीज आणखी एक काठी होती. लोखंडाची सळई आणि तिच्या वरच्या टोकाला बशीएवढी लाकडी वाटी. सळई रस्त्यावर टेकवायची, वाटी कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. खालून पाणी जात असेल तर कळतं, गळत असेल तर तेही कळतं. मी एकदा लावून पाहिली होती. मला माझ्याच नाडीचे ठोके ऐकू आले.

“पहिल्यांदा तेच येतात,” काका म्हणाले. “ते हळूच बाजूला सारायचे. त्यांच्या मागे पाणी असतं.”

मला काही ते सारता आले नाहीत.

काका तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. लग्न केलं नव्हतं. जुन्या टाकीच्या मागे खात्याच्या दोन खोल्या होत्या, तिथे मोठ्या बहिणीबरोबर राहत. ताई घरी बसून शर्टांना काजं करायच्या. काका पहाटे साडेपाचला निघत. त्या वेळी रस्त्यावरचे दिवे चालू असायचे आणि तरी आभाळ उजळू लागलेलं असायचं. दोन्ही उजेड एकमेकांत मिसळून कुठल्याच वस्तूला सावली राहायची नाही. ते म्हणायचे, त्या अर्ध्या तासात गाव वरून दिसतं तसं नसतंच मुळी. त्यांना एक स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं. घरं, दुकानं, रस्ते सगळं विरघळून गेलेलं आहे आणि फक्त पाइप उरलेत, हवेत उभे, पानं नसलेल्या झाडासारखे फांद्या फुटलेले, आणि त्यांच्या आतून उजेड सरकत चाललाय. स्वप्न सांगताना ते हाताने फांद्या दाखवायचे. समोरच्याला वाटायचं हा माणूस रस्ता सांगतोय.

एके दिवशी खात्यात एक पत्र आलं. परदेशातल्या विद्यापीठाचे दोन विद्यार्थी स्थानिक विकासाच्या प्रश्नांचा अभ्यास करायला तीन महिने येणार होते. विषय होता, गावातलं पाणी कुणापर्यंत पोचतं, कुणापर्यंत पोचत नाही, आणि का. पत्राची नोंद करताना शेजारचे हेडक्लार्क म्हणाले, “आमचे प्रश्न बघायला विमानानं कशाला यायचं. कळवलं असतं तर आम्ही पोस्टानं पाठवले असते.”

आली ती एक मुलगी आणि एक मुलगा. मुलीच्या हातात कायम वही, म्हणून ती आठवडाभरात ‘वहीवाली’ झाली. मुलगा जे दिसेल ते मोजायचा, तो ‘टेपवाला’. टेपवाल्याला आपल्या भाषेतले आकडे तेवढे येत होते, पण ते मात्र अस्खलित. वहीवालीनं भाषा वर्षभर पुस्तकातून शिकली होती. साहेबांनी दोघांना माझ्याकडे सोपवलं आणि मी काकांकडे. काका दारात उभे होते. तिनं हात जोडले आणि म्हणाली, “आपण पाणी ऐकता असे समजते. हे सत्य आहे काय?”

काकांनीही हात जोडले.

“आहे बुवा सत्य,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे तिघं मिळून निघू लागले. काका चावी फिरवत, टेपवाला चेंबरची खोली मोजे, वहीवाली वेळ लिहून घेई. दिवस वर आला की दोघं घरोघर जात. सगळ्यात जास्त फेऱ्या वरच्या आळीत व्हायच्या. ती आळी टेकाडावर. सत्तर-ऐंशी घरं. प्रत्येक घराला नळ होता, पण सोडला की नुसती हवा यायची. पाणी आणायला बायका उतारावरच्या सार्वजनिक नळावर जायच्या. वहीवालीच्या प्रश्नांच्या कागदावर पहिलाच प्रश्न होता, आपल्या घरी पाणी किती वेळ येते. आळीतल्या एका बाईनं तिला उत्तर दिलं, “पाणी येत नाही, पोरी. आम्हीच त्याच्याकडे जातो.” ते उत्तर कागदावरच्या कुठल्याच चौकटीत बसेना. वहीवालीनं ते समासात लिहिलं आणि संध्याकाळी ऑफिसात येऊन मला दाखवलं. मी आठ वर्षं त्या आळीच्या तक्रारी नोंदवत होते, पण तक्रारींची भाषा मीच सरळ करून लिहायचे. समासातलं ते वाक्य मला घरी जाईपर्यंत सोडेना.

महिनाभर असं चाललं. मग एका पहाटे घडलं ते काकांनी मला फार नंतर सांगितलं.

वाचनालयासमोरच्या चेंबरपाशी टेपवाला चावी घालून उभा होता. पाणी सोडल्यापासून पुढच्या चौकात पोचायला किती वेळ लागतो, हे त्यांना मोजायचं होतं. काका आणि वहीवाली चौकात थांबले. काकांनी सळई टेकवली, वाटी कानाला लावली, डोळे मिटले.

“आलं बघा,” ते म्हणाले. “छान चाललंय.”

वहीवालीनं लांब पाहिलं. टेपवाल्याची चावी अडकली होती. तो दोन्ही हातांनी ती फिरवायचा प्रयत्न करत होता आणि ती अजून फिरली नव्हती.

तिनं वहीत काही लिहिलं नाही. टेपवाल्यालाही सांगितलं नाही. संध्याकाळी मात्र ती एकटीच टाकीमागच्या खोल्यांवर गेली. काका बाहेर कपडे वाळत घालत होते. तिनं मागून हाक मारली, पुन्हा मारली. ताईंनी खिडकीतून पाहिलं आणि काज करायची सुई शर्टाला टोचून ठेवत म्हणाल्या, “डाव्या बाजूनं जा, बाई. उजवीकडून तो कुणाचा नाही.”

तिघं आत बसली. वहीवालीनं विचारायच्या आधीच ताईंनी सुरुवात केली.

“तीन वर्षं झाली. मी ओरडून ओरडून माझा घसा गेला. शेजाऱ्यांना वाटतं आमचं रोज भांडण होतं.”

“सगळं कुठं गेलंय,” काका म्हणाले. “डाव्यानं माणसं ऐकू येतात. पाणी येत नाही, एवढंच.”

“मग आपण रोज...” वहीवाली थांबली. पुस्तकातला शब्द तिला सापडला असावा, पण तो तिनं वापरला नाही.

“सवयीनं. किती वाजता कुठं पाणी असतं ते अंगात मुरलंय. घड्याळ बघतो आणि सांगतो. नव्वद टक्के बरोबर येतं.” मग त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “तुझी वही खोटी झाली ना माझ्यामुळं?”

“खोटी नाही,” ती म्हणाली. “अपूर्ण.” आणि मग तिनं वेगळंच विचारलं. तीन वर्षांच्या आधी जे ऐकलं, त्यात असं काही होतं का, जे कुणी मानलं नाही?

ताई हसल्या. “सांग की आता. नाव कशामुळे पडलं ते सांग.”

तेव्हा काकांनी जुन्या लाइनीची गोष्ट सांगितली. एकवीस वर्षांपूर्वी नवी टाकी झाली आणि जुन्या टाकीवरून टेकाडाच्या पायथ्यापर्यंत जाणारी मोठी लाइन बंद करण्यात आली. जुनी टाकी बाकीच्या भागासाठी चालूच राहिली, पण त्या लाइनीला बूच मारलं, असं कागदावर होतं. पुढच्याच वर्षी काकांना छापखान्याजवळ तिच्यात पाणी ऐकू आलं. बारीक, पण सतत. त्यांनी तेव्हाच्या इंजिनिअरांना सांगितलं. ते सगळ्या ऑफिससमोर म्हणाले, “तानसेन ऐकून होतो, आमच्याकडे कानसेन आहेत. बंद पाइपात पाणी ऐकतात. स्वप्न पडलं असेल.”

“आणि मला स्वप्नं पडायचीच,” काका म्हणाले. “म्हणून मी पण गप्प बसलो. वर्षं गेली तसं मलाच कळेना, जागेपणी ऐकलं की झोपेत. पुन्हा जाऊन ऐकायची हिंमत झाली नाही. नसतं ऐकू आलं, तर?”

वहीवाली उठली. “मी एक वस्तू आणली आहे,” ती म्हणाली. “आपल्याला दाखवायला लाजत होते. आपल्या काठीचा अपमान होईल असे वाटले.”

ती वस्तू म्हणजे जमिनीवर ठेवायचा माइक. डब्याच्या झाकणाएवढी जाड चकती, तिला वायर, वायरीला एक छोटं यंत्र आणि कानावर चढवायचे हेडफोन. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं ती चकती वाचनालयासमोर ठेवली आणि हेडफोन काकांच्या कानांवर चढवले. यंत्रावरचं बटण हळूहळू फिरवलं.

काका रस्त्याच्या कडेला बसले. दुधाची गाडी थांबली, ड्रायव्हरनं विचारलं, काय झालं, पाणी देऊ का. टेपवाल्यानं नको म्हणून हात केला. काकांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ किंचित हलत होते, जुनं गाणं ऐकताना शब्द पुटपुटतात तसे. आधी वाळूवरून कापड ओढल्यासारखा आवाज आला, असं ते सांगायचे. मग त्या आवाजाच्या आत दुसरा, गोल आणि खोल, आणि त्याच्याही आत वळणावर घोळणारा, जो ते पंचवीस वर्षं ओळखत होते. त्या क्षणी आपण खाली आहोत आणि गाव डोक्यावरून वाहतंय, असं त्यांना वाटलं. दिवे मालवले, लोक कामाला निघाले, त्यांच्या बाजूनं चपला गेल्या, सायकली गेल्या. दोन्ही मुलांनी त्यांना हलवलं नाही.

शेवटी हेडफोन काढून ते म्हणाले, “आवाज आहे तसाच आहे हो तिचा. वय फक्त माझं झालं.”

पुढचे बारा दिवस ते जुनी लाइन शोधत होते. जुन्या टाकीपासून टेकाडापर्यंत दर वीस पावलांवर चकती ठेवायची, काकांनी ऐकायचं, टेपवाल्यानं खडूनं फुली मारायची किंवा गोल काढायचा. गावात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं सोनं शोधतायत, कुणी म्हणालं रस्ता रुंद होणार. छापखान्याजवळ काही ऐकू आलं नाही. एकवीस वर्षांत तिथे दोनदा डांबर चढलं होतं. आठव्या दिवशी आवाज सापडला म्हणून टेपवाल्यानं उडी मारली, तो लाँड्रीचा बॉयलर निघाला. काका मात्र कंटाळले नाहीत. त्या दिवसांत त्यांची चालच बदलली होती. पाण्यात चालल्यासारखे पावलं सावकाश उचलायचे.

बाराव्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते, कारण ते माझ्या घराच्या रस्त्याला आले होते. तिथे बर्फाचा एक कारखाना होता, कैक वर्षं बंद पडलेला. त्याच्या भिंतीपाशी टेपवाल्यानं चकती ठेवली. काकांनी ऐकलं. चेहऱ्यावर काहीच आलं नाही. हेडफोन काढून त्यांनी वहीवालीला दिले, तिनं टेपवाल्याला, त्यानं मला. कापडाच्या मोठ्या गठ्ठ्यातून कुणीतरी एक दोरा ओढतंय, आणि तो दोरा संपतच नाही, तसा तो आवाज होता.

“हीच,” काका म्हणाले. “जागाच होतो मी.”

आता साहेबांना पटवायचं होतं. आताचे साहेब माणूस म्हणून चांगले, पण कागदाला धरून चालणारे. “बूच मारलंय असं नकाशावर आहे,” ते म्हणाले. मग मी दोन दुपारी रेकॉर्डच्या खोलीत घालवल्या. नवी टाकी झाली त्या वर्षाचा रजिस्टरांचा गठ्ठा खालच्या फळीवर होता. बूच मारायचा हुकूम मिळाला, काम झाल्याची पावती मिळाली नाही. तिच्या जागी कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘या मापाचे बूच उपलब्ध नाही. आल्यावर बसवावे.’ ते आल्याची नोंद मी पुढच्या चार वर्षांच्या रजिस्टरात शोधली. नव्हती.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. मग बैठक बोलावली. काका, दोन्ही मुलं आणि मी, सगळे त्यांच्या खोलीत.

“कानसेनांच्या कानावर माझा पहिल्यापासून विश्वास आहे,” साहेब म्हणाले. “खणायचा हुकूम देतो.”

तेवढ्यावर बैठक संपायला हरकत नव्हती. मी वही मिटली होती.

“साहेब, कानावर नको,” काका म्हणाले. “मला तीन वर्षं पाणी ऐकू येत नाही. हे त्यांच्या यंत्रानं ऐकलंय.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

“मग तीन वर्षं तुम्ही गळत्या कशा शोधल्या?”

“निम्म्या शोधल्या नाहीत. दोन ठिकाणी माझ्यामुळं नको तिथं खणलं गेलं. शिंप्याच्या दुकानाची पायरी फुटली ती माझी चूक. त्यानं खात्याला शिव्या दिल्या, मी तिथंच उभा होतो.”

“दोन-अडीच वर्षं राहिलीत तुमची. हे न सांगता निवृत्त झाला असतात.”

“झालो असतो,” काका म्हणाले. “पण ही पोरगी माझं बोलणं छापणार. लांबची माणसं ते खरं धरून चालतील. आणि खरं सांगू का, ते पाणी पुन्हा ऐकल्यावर मला घड्याळ बघून सांगवेना.”

वहीवाली मान खाली घालून बसली होती. साहेब तिला म्हणाले, हे छापताना तुम्ही काय लिहाल? ती म्हणाली, काका सांगतील ते. काका म्हणाले, ऐकू येत नव्हतं असं लिही, आणि कधीपासून तेही लिही.

आठ दिवसांनी बर्फाच्या कारखान्याजवळ खणलं. साडेचार फुटांवर पाइप लागला. एक जोड निखळला होता आणि तिथून स्वच्छ पाणी कारखान्याच्या तळघरात आणि तळघरातून ओढ्याला जात होतं. तळघरातली जमीन कायम ओली असायची. लोक समजत खाली झरा आहे. इतकी वर्षं वरच्या आळीच्या वाट्याचं पाणी असं निवांत वाहून गेलं होतं. साहेब स्वतः खड्ड्यात उतरले, बाह्या सरसावून पाण्यात हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. वर आल्यावर त्यांनी काकांची बदली स्टोअरमध्ये केली. वॉशर, नट, जोड मोजून द्यायचं काम. चावी आणि काठी जमा करून घेतली. पावती मीच लिहिली. काकांनी सही केली आणि काठीची वाटी एकदा अंगठ्यानं पुसली.

लाइन दुरुस्त करून टेकाडावर चढवायला चार महिने लागणार होते, आणि मुलांची मुदत त्याआधीच संपली. निघताना ती दोघं ऑफिसात आली. टेपवाल्यानं मला त्याची टेप दिली. वहीवालीचं बोलणं या तीन महिन्यांत पार बदललं होतं, कारण संध्याकाळी ती ताईंजवळ बसून काजं शिकायची. ती काकांना म्हणाली, “वेळेवर जेवत जा. ताईंशी उगाच वाद घालू नका. आणि मी बोलतेय तेव्हा इकडे बघा.”

“हे असलं कुठल्या पुस्तकात होतं?” काकांनी मला विचारलं.

वरच्या आळीत पाणी आलं त्या सकाळी काकांनी अर्धी रजा टाकली. मला नंतर कळलं. नवा चावीवाला चावी फिरवत असताना ते चेंबरपाशी गेलेच नाहीत, सरळ आळीत जाऊन एका ओसरीवर बसले. आधी नळांमधून खोकल्यासारखी हवा आली, मग तांबूस पाणी, मग पांढरं. पस्तीस मिनिटं आलं. बायका एकमेकींना हाका मारत होत्या, भांडी कमी पडत होती, आणि एका घरात नळाची तोटीच गंजून निकामी झाली होती म्हणून तिथे धो-धो वाहत सुटलं. काका उठून त्या घरात गेले, रुमालानं तोटी बांधली आणि भिजून चिंब ऑफिसात आले. दिवसभर स्टोअरच्या दारात खुर्ची टाकून कपडे वाळवत बसले. कुणी नट मागितला तर मापाकडे न बघताच देत होते आणि चेहरा असा, की मागणाऱ्यालाही परत जावंसं वाटू नये.

पुढच्या वर्षी तिचं पत्र आलं, माझ्याच टेबलावर. ती आता दुसऱ्याच देशात काम करत होती. एका मोठ्या बाजाराखाली यंत्राला काहीतरी ऐकू येतं, पण नकाशावर तिथे लाइन नाही. पाणी आहे की दुसरं काही, ते ठरवता येत नाही. काकांनी काय केलं असतं, असं तिनं विचारलं होतं.

पत्र वाचून दाखवल्यावर काकांनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खुर्ची ओढून माझ्या डावीकडे बसले आणि मजकूर सांगू लागले.

“लिहा. यंत्र थोडे दिवस बाजूला ठेव. त्या बाजारात सगळ्यात जुनी बाई कोण बसते ते बघ आणि तिच्याजवळ बस. लगेच काही विचारू नकोस, तिला माल लावायला मदत कर. मग विचार, भर उन्हाळ्यात कुठली फरशी गार लागते. मांजरं कुठं झोपतात. ती सांगेल ते समासात लिहून ठेव. आणि नाही कळलं, तर कळत नाही म्हणून सांग. त्याच दिवशी सांग. तीन वर्षं थांबू नकोस.”

मी लिहून घेतलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं, तसं त्यांनी हात कानामागे धरला, म्हणून मी आणखी मोठ्यानं वाचलं. समोरच्या रांगेतली माणसं बोलायची थांबून ऐकू लागली.

काकांनी खुर्ची आणखी जवळ ओढली.

“फरशी खोडा,” ते म्हणाले. “ओटा लिहा. बाजारात ओटे असतात.”

मी फरशी खोडून ओटा लिहिलं.